निकाल आधी, चर्चा नंतर

दुपारचे बारा वाजून गेलेले असतात. संसद टीव्हीवर लोकसभा लागलेली असते. आसनावर तालिका अध्यक्ष, समोरच्या हौदात, म्हणजे आसनापुढच्या मोकळ्या जागेत, फलक घेऊन उभे तीस-चाळीस खासदार. कॅमेरा त्यांच्याकडे सहसा वळत नाही, तो आसनावर खिळलेला असतो. घोषणा ऐकू येतात त्याही पलीकडच्या गल्लीतून मिरवणूक चाललीय अशा, लांबून. एकेक मंत्री उठतो, कागद पटलावर ठेवतो, बसतो. मग विधेयक येतं. खंड दोन ते अमुक विधेयकाचे भाग व्हावेत, अनुकूल असतील त्यांनी ‘हां’ म्हणावं. सत्ताधारी बाकांवरून ‘हां’ येतो. ‘हां की जीत हुई, हां की जीत हुई.’ कामकाज दोन वाजेपर्यंत तहकूब.

२० ऑगस्ट २०२५ रोजी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमिंगवर बंदी आणणारं विधेयक असंच झालं. त्याच दिवशी मांडलं, त्याच दिवशी गदारोळात मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी राज्यसभेनंही तेच केलं. ज्या धंद्यातल्या कंपनीचं नाव तोवर भारतीय क्रिकेटपटूंच्या छातीवर झळकत होतं, तो धंदा दोन दिवसांत मोडीत निघाला. बंदीला माझा विरोध नाही. पण कौशल्याचा खेळ कुठे संपतो आणि जुगार कुठे सुरू होतो, हा प्रश्न आपल्या न्यायालयांनी वर्षानुवर्षं चघळलेला आहे. त्यावर देशाच्या सभागृहात विरोधी बाजूचं धड एक भाषणही होऊ नये?

यावर आपली ठरलेली प्रतिक्रिया असते. ‘शाळेतली पोरं बरी.’ ‘मिनिटाला अडीच लाख रुपये पाण्यात.’ हा अडीच लाखांचा आकडा वर्तमानपत्रांत इतकी वर्षं फिरतो आहे की तो आता म्हणीसारखा झालाय. मला तो नेहमी गैरलागू वाटतो. संसदेचा खर्च देशाच्या अर्थसंकल्पात दिसतसुद्धा नाही. घाईत केलेल्या कायद्याची किंमत मात्र पुढे वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस भरतो, आणि ती कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. ‘उत्पादकते’च्या टक्केवारीचंही तेच. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेनं ठरल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त तास काम केलं. दहा दिवसांत दोन्ही सभागृहांनी मिळून २५ विधेयकं मंजूर केली. टक्केवारी झकास. त्याच अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास पूर्ण रद्द होता, आणि त्याच अधिवेशनात शेतीविषयक कायदे आले. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक मतविभागणी मागत असताना त्यांतले दोन आवाजी मतदानानं मंजूर झाले. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले, त्यांत आपल्याकडचे राजीव सातवही होते. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे मागे घेणारं विधेयक आलं. तेही चर्चेविना, काही मिनिटांत. आणताना बोलू दिलं नाही, नेतानाही नाही.

म्हणून गोंधळ हा रोग आहे असं मला वाटत नाही. रोग वेगळा आहे. सभागृहात बोलून काहीच बदलत नाही हे आत बसलेल्या प्रत्येकाला पक्कं माहीत आहे, आणि जिथे बोलून काही बदलत नाही तिथे शहाणा माणूस दोनच गोष्टी करतो. गप्प बसतो, नाही तर ओरडतो.

ओरडण्यावर कुणा एका पक्षाचा मक्ता नाही, हेही सांगून टाकू. २०१० चं हिवाळी अधिवेशन टू-जी प्रकरणी संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून जवळपास पूर्ण वाया गेलं, तेव्हा ओरडणारा पक्ष भाजप होता. संसद रोखणं हादेखील लोकशाहीचाच एक मार्ग आहे, असं अरुण जेटली आणि सुषमा स्वराज त्या काळात उघडपणे सांगत. आज तोच युक्तिवाद काँग्रेस करते आणि भाजपला त्यात लोकशाहीचा अपमान दिसतो. निलंबनाचंही तसंच. १५ मार्च १९८९ रोजी इंदिरा गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगाच्या अहवालावरून लोकसभेत एका दिवसात ६३ खासदार बाहेर काढले, ते काँग्रेसच्या राक्षसी बहुमताच्या काळात. महाराष्ट्राला तर हे शिकवायलाच नको. ५ जुलै २०२१ ला आपल्या विधानसभेत भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले, तेव्हा सत्तेत महाविकास आघाडी होती. चालू अधिवेशनापलीकडे निलंबन नेता येत नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०२२ रोजी तो ठराव रद्द केला. बाकं बदलली की माणसं एकमेकांची भाषणं अदलाबदल करून घेतात. एकदाच लिहून ठेवली तरी चालतील.

तरी डिसेंबर २०२३ वेगळा होता. १३ तारखेला दोन तरुणांनी प्रेक्षक गॅलरीतून सभागृहात उड्या मारल्या, पिवळा धूर केला. गृहमंत्र्यांनी निवेदन करावं ही मागणी काही आकाशातले तारे तोडून आणायची नव्हती. त्यावरून गोंधळ झाला आणि अधिवेशन संपेपर्यंत दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. लोकसभेतले १००, राज्यसभेतले ४६. विरोधी बाकं जवळपास ओस पडलेली असताना १८६० पासूनची भारतीय दंडसंहिता आणि तिच्या जोडीचे दोन कायदे बदलणारी तीन विधेयकं मंजूर झाली. ती गृहखात्याच्या स्थायी समितीकडे जाऊन आली होती, हे मान्य. पण चोरी, खून, अटक, जामीन यांचे देशभरचे नियम बदलताना समोर प्रश्न विचारायला जवळजवळ कुणी नाही, हे सरकारच्याही हिताचं कसं?

१९ डिसेंबरला निलंबित झालेल्यांत सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे होते. त्याच अधिवेशनात, ८ डिसेंबरला, केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. कोल्हेंचा शिरूर मतदारसंघ म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड. कांद्याचाच पट्टा. ऐन हंगामात भाव कोसळत होते आणि त्या पट्ट्याचा खासदार दारात उभा. डिसेंबर सरायच्या आत या मंडळींनी जुन्नरहून पुण्यापर्यंत मोर्चा काढला. सभागृहाचं दार बंद झालं की प्रश्न रस्त्यावर येतो, यात नवल नाही. मला टोचते ती दुसरीच गोष्ट. नाशिक, नगर, पुणे पट्ट्यातल्या सत्ताधारी खासदारांच्या शेतकऱ्यांचंही तेवढंच नुकसान होत होतं. कांद्यापुरते हे सगळे एका बाजूचे. पण आपली व्यवस्था त्यांना कधी एका बाजूला मोजतच नाही. राजकीय ध्रुवीकरण समाजातून संसदेत येतं असं म्हणतात. काही अंशी येतही असेल. बरंचसं मात्र संसदेतच तयार होतं, नियमानं.

तो नियम म्हणजे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं आलेली दहावी अनुसूची. पक्षांतरबंदी कायदा. त्यात खासदारकी जाण्याची दोन मुख्य कारणं आहेत. एक, स्वतःहून पक्ष सोडणं. दुसरं, पक्षाच्या व्हिपविरुद्ध, म्हणजे मतदानाच्या आदेशाविरुद्ध, मत देणं किंवा मतदानाला गैरहजर राहणं. दुसऱ्यात विषयानुसार सूट नाही. सरकार पडण्याचा प्रश्न असो की बंदरांविषयीचं एखादं तांत्रिक विधेयक असो. प्रतोदाचा कागद येतो, महत्त्वाच्या ओळीखाली तीन रेघा मारलेल्या. त्याला म्हणायचं तीन ओळींचा व्हिप. तो हातात पडला की खासदाराचं मत ठरलं. मग चर्चा कुणासाठी? वक्फ दुरुस्ती विधेयकावर एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत बारा तासांहून जास्त चर्चा झाली. रात्री दोनच्या सुमारास मतदान झालं, २८८ विरुद्ध २३२. आदल्या दिवशी संध्याकाळी कुणीही कागदावर बेरीज केली असती तर साधारण हाच आकडा आला असता. बारा तासांत एक जण इकडचा तिकडे झाला असेल, असं मानायला जागा नाही. भाषणं शेजारच्या बाकासाठी नव्हतीच. ती दीड मिनिटाच्या रीलसाठी होती.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं उदाहरण देतो. उपमा हलकी वाटेल, पण मला संसद तिथेच नीट कळली. लिफ्टच्या देखभालीचा करार नव्या ठेकेदाराला द्यायचा, असं कमिटीनं ठरवून आणलं होतं. पार्किंगवरून नेहमीची शिवीगाळ झाली, चहा झाला, आणि ठराव हात वर करून मंजूर व्हायच्या बेतात होता. तेवढ्यात एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले एक काका उठले. त्यांनी दोन्ही कोटेशनं शांतपणे मोठ्यानं वाचली. स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये जीएसटी वेगळा होता आणि दोर बदलायचा खर्च करारातच नव्हता. पाच मिनिटं लागली. ठराव पडला. कमिटीतल्याच दोघांनी विरोधात हात वर केला, आणि सेक्रेटरी त्यांच्याकडे बघून कसंनुसं हसले. सभा त्याआधी दीड तास ओरडत होती. ऐकून मत बदलता येतंय असं दिसल्याबरोबर ती पाच मिनिटं ऐकायला तयार झाली. आता अशी कल्पना करा की कमिटीविरुद्ध हात वर करणाऱ्याचा फ्लॅट जप्त होतो. काका उठले असते का?

१९८५ पूर्वी सगळं आलबेल होतं, असं मी म्हणत नाही. राजनारायण यांना मार्शलनी उचलून बाहेर नेल्याच्या गोष्टी जुनी माणसं अजून रंगवून सांगतात. पण तेव्हा सत्ताधारी बाकांवरूनही सरकारला घाम फुटायचा. डिसेंबर १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवल्याचं प्रकरण लोकसभेत लावून धरलं ते फिरोज गांधींनी. काँग्रेसचे खासदार, शिवाय पंतप्रधानांचे जावई. सरकारनं मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांच्याकडे चौकशी दिली. छगलांनी मुंबईत ती उघडपणे चालवली, आठवड्यांत संपवली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. आज सत्ताधारी पक्षाचा खासदार स्वतःच्या अर्थमंत्र्याविरुद्ध असं उभं राहील का, याचा विचार कुठल्याही पक्षाचं नाव घालून करून बघा.

त्याहून जुनी एक गोष्ट. पहिले लोकसभाध्यक्ष ग. वा. मावळंकर, मूळचे रत्नागिरीकडच्या मावळंग्याचे. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांच्याविरुद्ध पदच्युतीचा ठराव आला. नेहरूंनी आपल्या खासदारांना सांगितलं की हा पक्षाचा प्रश्न समजू नका, व्हिप बाजूला ठेवा, मनाला पटेल तसं मत द्या. मग स्वतः मावळंकरांच्या बाजूनं तडाखेबंद भाषण केलं आणि ठराव फेटाळला गेला. निकाल तोच लागला असता, हे खरं. पण समोर बसलेली माणसं पटवावी लागतात, असं निदान धरून तरी चालले होते.

इथे मराठी वाचक लगेच हात वर करणार, आणि त्यानं करायलाच हवा. व्हिप सैल केला तर काय होईल? जून २०२२ मधली शिवसेनेची फूट आठवा. सुरत, गुवाहाटी, हॉटेलं, विमानं. २०२३ मध्ये दुसरा पक्ष, राष्ट्रवादी. खासदार-आमदारांना मोकळं सोडलं तर रोज बाजार भरेल.

आक्षेप मोलाचा आहे, फक्त तो चुकीच्या कलमावर लावला जातोय. २०२२ मध्ये जे झालं ते दहावी अनुसूची पूर्ण ताकदीनं लागू असताना झालं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ ला आला, अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला, आणि त्यात कुणाची आमदारकी गेली नाही. एकट्यादुकट्यानं फुटणं या कायद्यानं थांबवलं, घाऊक फुटणं नाही. मधु लिमये यांनी हा धोका फार पूर्वी दाखवून दिला होता. म्हणजे बाजार थांबवायला जो कायदा केला त्यानं बाजार थांबला नाही, वादविवाद मात्र थांबला. पक्ष सोडणाऱ्याची खासदारकी जाऊ द्या, ती तरतूद हवीच. उलट तिचा निवाडा पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या अध्यक्षाकडून काढून घ्यायला हवा. विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प यांवरही व्हिप राहू द्या, कारण मतदारानं सरकार निवडलेलं असतं. उरलेल्या विधेयकांवर मात्र खासदाराला मत हवं. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१९ ला थेरेसा मे यांच्या ब्रेक्झिट कराराविरुद्ध त्यांच्याच ११८ खासदारांनी मत दिलं. सरकार त्या मतदानात आपटलं, पण पडलं नाही. त्याच वर्षी पुढे बोरिस जॉन्सन यांनी २१ बंडखोरांना संसदीय पक्षातून काढलं, तरी त्यांची खासदारकी गेली नाही. पक्षानं शिक्षा करावी. जागा मतदाराची आहे.

व्हिप ही एक गाठ. दुसरी गाठ अशी की सभागृहात काय बोलायचं हे बहुतांशी सरकारच ठरवतं. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात मणिपूर पेटलेलं होतं आणि राज्यसभेत दिवसच्या दिवस भांडण चाललं होतं ते नियमाच्या आकड्यावरून. विरोधकांना नियम २६७ खाली सगळं कामकाज बाजूला ठेवून चर्चा हवी होती, सरकार नियम १७६ खाली अल्पकालीन चर्चेला तयार होतं. बाहेरच्या माणसाला हे वेड्यांचं भांडण वाटावं. शेवटी पंतप्रधानांना बोलतं करण्यासाठी लोकसभेत अविश्वास ठराव आणावा लागला, जो पडणार हे आणणाऱ्यांनाही माहीत होतं. ब्रिटनच्या कॉमन्समध्ये अधिवेशनाचे वीस दिवस विरोधी पक्षांच्या हक्काचे असतात, त्या दिवशी विषय तेच ठरवतात. आपल्याकडे असा एकही दिवस नाही. मग हौद.

आणि हा हौद सरकारला मनातून आवडतो, असा माझा आरोप आहे. मार्च २०२३ मध्ये विरोधक अदानी प्रकरणी संयुक्त समिती मागत होते आणि राहुल गांधींनी लंडनमधल्या वक्तव्याबद्दल माफी मागावी म्हणून सत्ताधारी खासदार घोषणा देत होते. सरकारनंच सभागृह बंद पाडावं, हा प्रकार तसा गमतीचाच. त्या गदारोळात ४५ लाख कोटींच्या घरातला अर्थसंकल्प लोकसभेनं चर्चेविना मंजूर केला. एकाही खात्याच्या मंत्र्याला उत्तर द्यावं लागलं नाही. कुणाची सोय झाली?

लोकसभेच्या उपाध्यक्षाचं पदही याच सोयीत गेलं. घटनेचं ९३ वं कलम म्हणतं, शक्य तितक्या लवकर निवडा. सतराव्या लोकसभेला पाच वर्षांत ते शक्य झालं नाही. अठराव्या लोकसभेचंही पहिलं वर्ष तसंच सरलं. ते पद विरोधी पक्षाकडे द्यायचा संकेत बराच काळ पाळला गेला होता. संकेत मोडण्यापेक्षा खुर्चीच रिकामी ठेवलेली बरी. विधेयकं समितीकडे पाठवण्याची सवयही अशीच सुटली. पंधराव्या लोकसभेत दहापैकी सात विधेयकं समितीकडे जात, सतराव्या लोकसभेत सहापैकी जेमतेम एक. समितीत कॅमेरा नसतो. खासदार तिथे पुष्कळदा पक्ष विसरून कागद वाचतात, असा अनुभव त्यात बसलेले सगळ्या पक्षांचे लोक सांगत आले आहेत. वक्फच्या संयुक्त समितीत मात्र काचेची बाटली फुटली आणि विरोधी सदस्य दिवसापुरते निलंबितही झाले. तेव्हा तो ओलावाही आटत चाललाय.

नव्या इमारतीत सेंट्रल हॉल नाही, हे मला उगाच लागून राहिलेलं आहे. जुन्या संसद भवनात दोन तहकुबींच्या मधे कुठल्याही पक्षाचे खासदार तिथे कॉफी-टोस्ट घेत एकत्र बसत, पत्रकारही असत. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांवर ओरडलेली माणसं एका टेबलावर. सप्टेंबर २०२३ पासून कामकाज नव्या वास्तूत आलं. लोकसभेत ८८८ आसनं, सगळं प्रशस्त, चकचकीत, आणि विनाकारण बसायला जागा नाही.

व्हिप फक्त सरकार टिकण्याच्या प्रश्नांपुरता ठेवावा, असं खासगी विधेयक मनीष तिवारी यांनी २०१० मध्ये मांडलं होतं. तेव्हा सत्तेत त्यांचाच पक्ष होता. त्यांच्या पक्षानं ते उचललं नाही, विरोधी भाजपनंही नाही. व्हिप ही एकच गोष्ट आहे जिच्यावर दोघांचं मनापासून एकमत आहे. खासगी सदस्याचं विधेयक कायदा होण्याची शेवटची वेळ १९७० सालची. ही विधेयकं शुक्रवारी दुपारी येतात, साडेतीनच्या पुढे. तोवर अर्धे खासदार मतदारसंघाच्या विमानात बसलेले असतात. कधी ते प्रक्षेपण लावून बघा. बाकं रिकामी, हौदात कुणी नाही, फलक नाहीत. एक खासदार त्याच्या जिल्ह्यातल्या कुठल्या तरी नदीबद्दल बोलत असतो. समोरच्या पक्षाचा एक जण हेडफोन कानाला लावून ऐकत असतो, मधेच उठतो आणि म्हणतो, माझ्याकडेही असंच आहे, फक्त नदी दुसरी.